रंग ओला आहे

समोरचा रस्ता रुंद झाला तेव्हा उद्घाटनाला आम्ही सगळे खाली उतरलो होतो. फीत कापली गेली. रस्ते खात्याच्या साहेबांनी ‘दोनच शब्द’ म्हणून तासभर भाषण केलं आणि शेवटी, “कुणाला काही विचारायचं आहे का?” असं सभ्यपणाने विचारलं. अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. आईला नव्हतं.

“हे सगळं छान झालं,” आई म्हणाली, “पण मी पलीकडे कुठून जायचं?”

साहेब हसले, शेजारचे हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि सभा संपली. आई तिथेच उभी राहिली. तिला वाटलं, टाळ्या संपल्या की उत्तर येईल.

पलीकडे म्हणजे मावशीकडे. आईची ही धाकटी बहीण आमच्या बरोबर समोर, पहिल्या मजल्यावर राहायची. दोघींचा गेल्या कित्येक वर्षांचा नेम होता: दुपारी चारला आईने मावशीकडे जायचं, चहा घ्यायचा, भांडायचं आणि सहाच्या आत परत यायचं. भांडण रोज लागे, कारण आदल्या दिवशीचं अर्धवट राहिलेलं असे. लहानपणी बाहुलीचा हात कुणी मोडला, आजोबांची काठी शेवटी कुणाकडे गेली, असे त्यांचे विषय. निकाल लागू नये याची दोघीही काळजी घेत. मावशीचा गुडघा धरलेला असल्यामुळे तिने कधी इकडे यायचं नाही, आईनेच जायचं, असं ठरलेलं होतं. जुना रस्ता असा अरुंद होता की आई आमच्या फाटकातून निघायची आणि वाक्य संपायच्या आत मावशीच्या फाटकात असायची. सायकलवाले तिला वळसा घालून जात. ट्रकवाले थांबत, कारण खड्ड्यांमुळे ते तसेही थांबलेलेच असत. त्या रस्त्याला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या. आता वाटतं, शहाणा रस्ता होता बिचारा.

नवा रस्ता गुळगुळीत होता. दोन्ही बाजूंचे फूटपाथ त्याच्या पोटात गेले होते. आमच्या फाटकाबाहेर गाड्या लावायला जागा झाली आणि त्या लागलेल्या गाड्यांच्या आडून माणूस बाहेर येई तो थेट वाहत्या रहदारीतच. ना त्याला गाडी दिसे, ना गाडीवाल्याला तो. दिव्याचा खांब झाडाच्या आत होता. हे सगळं मी इतक्या तपशिलाने सांगतो, कारण हा माझ्या धंद्याचा भाग होता. मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो आणि शहरातल्या अपघातांच्या बातम्या माझ्या टेबलावरून जात. ‘रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले होते की छापखान्यातला आमचा अक्षरांचे खिळे जुळवणारा ते जुळवलेले तसेच बाजूला ठेवून देई. रोज नव्याने फक्त नाव बसवायचं. वाक्य नीट वाचलं तर असं वाटे, की रस्ता ओलांडणं हाच त्या माणसाचा गुन्हा.

उद्घाटनानंतर तिसऱ्या का चौथ्या दिवशी आई निघाली आणि मधोमध अडकली. पुढून गाड्या, मागून गाड्या. मी गॅलरीतून बघत होतो. ती हलली नाही, हात वर केला नाही, नुसती आपल्या पिशवीचे बंद दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. शेवटी एक ट्रकवाला थांबला आणि तिला परत यायला वाट मिळाली. हो, परतच. पलीकडची बाजू अजून वाहत होती.

ती घरात आली. माझी बायको म्हणाली, “आई, पाणी देऊ?” तर म्हणाली, “चहाच कर. चार वाजलेत.” आणि कप घेऊन गॅलरीत गेली. समोरच्या गॅलरीत मावशीही कप घेऊन आली. दोघींनी एकमेकींकडे बघत चहा घेतला. भांडायचा प्रयत्न झाला, नाही असं नाही.

“काठी तुझ्याकडेच होती!” आई इकडून ओरडली.

“काय?”

“काठी!”

“भाजी? आणली!”

मध्ये एक बस गेली. आईने कप खाली ठेवला आणि आत निघून आली. अर्धा चहा तसाच होता. त्या अर्ध्या कपाकडे बघून मी ठरवलं, इथे झेब्रा क्रॉसिंग करून घ्यायचं. पांढरे पट्टे, दुसरं काही नको. यात काय मोठंसं?

आता मागे वळून बघताना कळतं, की माझ्या आयुष्यातल्या सगळ्या फजित्या ‘यात काय मोठंसं’ पासूनच सुरू झाल्या आहेत.

मुळात मी ही गोष्ट जिन्यात बोललो, ही पहिली चूक. जिन्यात वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर भेटले. मी पट्ट्यांचा विषय काढताच त्यांनी पायरीवरच माझा वर्ग घेतला. अपघाताचं मूळ शिस्तीच्या अभावात आहे, लोकांना आधी उजवीकडे, मग डावीकडे बघायला शिकवलं पाहिजे, वगैरे.

“सर, आई दोन्हीकडे बघूनच उभी होती,” मी म्हणालो. “दोन्हीकडून गाड्याच येत होत्या.”

“मग तिसऱ्यांदा बघायला हवं होतं,” सर म्हणाले.

तेवढ्यात तळमजल्यावरचे विमावाले बाहेर आले. हे गृहस्थ विम्याचे हप्ते गोळा करत आणि जगाकडे त्याच नजरेने बघत. “हे बघा,” ते माझा खांदा दाबून म्हणाले, “चालणारा माणूस हा सगळ्यात वाईट. गाडीला पत्रा असतो, स्कूटरवाल्याला निदान हेल्मेट असतं. चालणाऱ्याला काय? सदरा! आईंचं वय काय म्हणालात?”

“मी काहीच म्हणालो नाही.”

“म्हणून ठेवा. वाढदिवसाच्या आत केलेलं बरं असतं.”

दुसऱ्या दिवशी मी रस्ते खात्याच्या कचेरीत गेलो. साहेब ओळखीचं हसले. त्यांच्यामागे भिंतीवर शहराचा नकाशा होता आणि त्यावर लाल टाचण्या टोचलेल्या होत्या. एक टाचणी म्हणजे एक अपघात. जिथे टाचण्यांचा झुबका तिथे पट्टे, असा खात्याचा शिरस्ता. आमच्या रस्त्यावर एकही टाचणी नव्हती.

“रस्ता कालपरवा झालाय, साहेब,” मी म्हणालो.

“तेच तर. जरा थांबा, होतील.”

“कुणीतरी मरेपर्यंत थांबायचं?”

“असं कसं?” साहेब दुखावले. “गंभीर जखमीसुद्धा धरतो आम्ही.”

मी वर्तमानपत्राचं नाव सांगितलं. साहेब जरा सरळ बसले आणि म्हणाले की दुसरीही एक वाट आहे. त्या जागी पुरेशी माणसं रस्ता ओलांडतात असं मोजणीत दिसलं, तर पट्टे मंजूर होऊ शकतात. पुढच्या मंगळवारी मोजणीदार पाठवतो.

“पण साहेब, ओलांडता येत नाही म्हणून कुणी ओलांडतच नाही. मोजणार काय?”

“मग पट्टे हवेत कुणाला?” साहेब म्हणाले. या प्रश्नावर मी आजही अधूनमधून विचार करतो.

घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा हेडमास्तर पायरीवरून उठून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “माणसंच हवीत ना? देतो!” ते म्हणाले. “सगळी कॉलनी ओलांडेल.”

मंगळवारी मोजणीदार स्टूल घेऊन आला आणि आमच्या फाटकाशी बसला. हातात टिकटिक वाजणारं मोजायचं यंत्र. सरांनी त्याच्याआधीच कॉलनीच्या तुकड्या पाडल्या होत्या. पहिली तुकडी तळमजला, दुसरी पहिला मजला, अशी. सगळ्यांनी पलीकडे जायचं, मावशीच्या फाटकात वळायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. गळ्यात त्यांनी शाळेतली शिट्टी अडकवली होती. ही शिट्टी त्यांनी निरोप समारंभात परत केली, असं आम्ही इतकी वर्षं समजत होतो.

शिट्टी वाजली. सर दोन्ही हात पसरून रस्त्याच्या मध्यभागी उभे राहिले. वाहनं थांबली. तुकडी गेली. शिट्टी वाजली, तुकडी आली. पुन्हा शिट्टी. कित्येकजण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एकमेकांशी बोलत होते. माझी बायको वरच्या मजल्यावरच्या बाईंबरोबर स्वेटरचे टाके मोजत मोजत जात होती. मोजणीदाराचं यंत्र सारखं टिकटिकत होतं. आईने तर पहिल्या फेरीतच मावशीचं घर गाठलं आणि ती परत आलीच नाही. गॅलरीतून दोघींचा आवाज येत होता. काठीचं प्रकरण जोरात होतं.

आणि तिसऱ्या की चौथ्या खेपेला भर रस्त्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी आडवा झालो.

विमावाले धावत आले. “उठू नका, उठू नका!” ते माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाले. “पडूनच राहा. टाचणी मिळतेय!” आणि मोजणीदाराकडे वळून ओरडले, “हा बघा! झाला अपघात! लिहा!”

मोजणीदार उठून आला. त्याने मला नीट बघितलं, चप्पल नीट बघितली. “वाहन कुठंय?” त्याने विचारलं.

सगळी वाहनं शिट्टीला मान देऊन लांब उभी होती.

“हा वाहनाचा अपघात नाही,” तो म्हणाला. “चपलेचा आहे. आमच्याकडे चपलेचा रकाना नाही.”

मी कपडे झटकत उठलो. पलीकडच्या गॅलरीतून मावशी म्हणाली, “अगं, तुझा मुलगा पडला.” त्यावर आई म्हणाली, “पडू दे गं. तू विषय बदलू नकोस.”

आठवड्याने निर्णय कळला. सदर ठिकाणी नागरिक मोठ्या संख्येने आणि पूर्णपणे सुरक्षितपणे रस्ता ओलांडताना आढळले. सबब पट्ट्यांची आवश्यकता नाही. साहेबांनी मला हे फोनवर वाचून दाखवलं आणि वर अभिनंदनही केलं. म्हणाले, असं शिस्तबद्ध ओलांडणं त्यांच्या खात्याने आजवर पाहिलं नव्हतं.

मी तेव्हापासून कॉलनीत ‘पट्टेवाला’ झालो. दूधवालासुद्धा विचारी, “पट्टेवाले साहेब उठले का?” वर्तमानपत्रात काम करणाऱ्या माणसाला बदनामीची सवय असावी लागते, पण दुसऱ्यांच्या. मी कचेरीत आमच्या मुख्य उपसंपादकांना म्हणालो, आमच्या रस्त्याविषयी काहीतरी छापू या.

“अपघात झाला?”

“अजून नाही.”

“मग बातमी कुठे आहे?” ते मान वर न करता म्हणाले. मला साहेबांच्या भिंतीवरच्या टाचण्या आठवल्या. फरक इतकाच की आमच्या टाचण्या दोन ओळींच्या असत.

आई मात्र चारच्या सुमारास गॅलरीत जाऊन बसे आणि रस्त्याकडे बघत राही. मी तिला बजावलं होतं, एकटीने जायचं नाही. ती ‘बरं’ म्हणाली होती. आमच्या आईचा ‘बरं’ हा शब्द ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांना माझी अवस्था कळायची नाही. मी कचेरीत एखादी अपघाताची बातमी हातात घेतली की आधी वय बघत असे, मग रस्त्याचं नाव, आणि मगच श्वास सोडत असे.

शेवटी मार्ग सुचला तो बायकोला. आमच्या पुढच्या खोलीला नुकताच पिस्ता रंग दिला होता. हा रंग बायकोने निवडला होता, तो मला आवडला नव्हता आणि तो मला फार आवडला आहे असं मी सगळ्यांना सांगत होतो. त्यातला अर्धा डबा रंग उरला होता, शिवाय रंगाऱ्याचा एक ब्रश आणि ‘रंग ओला आहे’ अशी त्याची एक फळी.

“अहो, तुम्हीच मारा ना पट्टे,” बायको म्हणाली. “रविवारी सकाळी रस्त्यावर कुत्रं नसतं.”

“पट्टे पांढरे असतात.”

“पिस्तासुद्धा पांढराच की थोडासा.”

रविवारी उजाडल्या उजाडल्या आम्ही उतरलो. सरांनी शिट्टी आणली. विमावाले नुसते बघायला आले. मापाची जबाबदारी माझी होती आणि मी ती गांभीर्याने घेतली होती. कचेरीतून पट्टी आणली होती, पान आखायची. आता पान आखणारा माणूस हातात पट्टी घेऊन वाकला की त्याचा हात आपोआप आखतो, रस्ता आहे की कागद हे बघत नाही. मी रेघा मारत गेलो आणि मागून बायको रंग भरत आली. अर्ध्या रस्त्यापर्यंत पोचल्यावर मी कंबर सरळ करून मागे बघितलं. झेब्र्याचे पट्टे नव्हते ते. नेमके आमच्या पेपरच्या कॉलमच्या रुंदीचे, बारीक बारीक, दाटीवाटीने आखलेले, आणि पिस्त्याच्या रंगाचे.

“एकेरी वही आखल्यासारखी दिसते,” सर म्हणाले. पण समाधानाने म्हणाले. त्यांना आखीव काहीही आवडे.

रंग तेवढ्यावरच संपला. म्हणजे आमचं क्रॉसिंग रस्त्याच्या मध्यापर्यंतच पोचलं. आई पूर्वी जिथे अडकली होती, बरोबर तिथपर्यंत. शिवाय तो भिंतीचा रंग. पाण्याने पुसला जाणारा. रस्त्यावर तो काय टिकणार, हे विमावाल्यांनी तेव्हाच सांगितलं असतं, पण ते म्हणाले, मला कुणी विचारलंच नाही.

रंग वाळेपर्यंत कुणी वर चालू नये म्हणून बायकोने ती फळी रस्त्यात उभी केली. रंग ओला आहे. आणि मग ते झालं.

पहिली गाडी आली ती भरधाव आली. फळी दिसताच तिने असा काही ब्रेक मारला की टायर किंचाळले. गाडी थांबली. चकचकीत, लांबलचक, नवीकोरी गाडी. आतून एक गृहस्थ उतरले, वाकून त्यांनी पट्ट्याला बोट लावलं, बोटावर पिस्ता रंग बघितला, मग आपल्या पांढऱ्या कडांच्या टायरकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, “केव्हा वाळेल?”

त्यांच्यामागे दुसरी गाडी थांबली. पलीकडून येणारी बसही थांबली. समोर एवढे लोक का थांबलेत हे बघायला. आई उभी असताना ज्यांनी कधी वेग कमी केला नव्हता, ते सगळे पिस्ता रंगापुढे हात जोडल्यासारखे उभे होते. माणसाला धक्का लागला तर लागला. गाडीला रंग लागता कामा नये.

आई कधी खाली आली ते मला कळलंच नाही. ती शांतपणे त्या थांबलेल्या गाड्यांमधून चालत पलीकडे गेली. सकाळची वेळ होती, चहाची नव्हे. मावशी गॅलरीतून म्हणाली, “आत्ता कशी काय तू?” आई म्हणाली, “रंग ओला आहे तोवर येऊन गेले.”

दुपारपर्यंत टायरांनी पट्टे पुसून टाकले. फळी मात्र राहिली आणि तीच पुरेशी होती. पुढे काही दिवस रोज चारच्या आधी बायको फळी रस्त्यात ठेवी, आई जाई; सहाला पुन्हा ठेवी, आई येई. कॉलनीतले बाकीचेही आपापली कामं त्याच वेळेला काढू लागले. सर तर कारण नसताना ओलांडत. सगळं सुरळीत चाललं होतं आणि म्हणूनच मला काळजी वाटायला हवी होती.

एक दिवस चार वाजता एक जीप फळीपुढे करकचून थांबली. आतून साहेब उतरले. त्यांनी आधी जीपचे टायर बघितले, मग रस्ता बघितला.

“रंग कुठे आहे?”

“होता,” मी म्हणालो.

“ही फळी कुणाची?”

“रंगाऱ्याची.”

“रस्त्यावर विनापरवाना फलक!” साहेब म्हणाले. “यामुळे अपघात होईल, कळतं का तुम्हाला?”

“मग टाचणी मिळेल,” विमावाले मागून पुटपुटले. साहेबांनी फळी उचलून जीपमध्ये टाकली आणि ते गेले. आईच्या पायात चपला होत्या. तिने त्या सावकाश काढल्या आणि ती वर गेली.

मी त्या रात्री तिला पुन्हा बजावलं. ती म्हणाली, “बरं.”

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. दुपारी डोळा लागला होता तो बायकोच्या हाकेने उघडला. “अहो, आई घरात नाहीत.” मी गॅलरीत धावलो.

आई रस्त्याच्या कडेला, लावलेल्या दोन गाड्यांच्या मध्ये उभी होती. मी ओरडलो, पण बसच्या आवाजात ते कुठे गेलं कोण जाणे. त्या क्षणी मला खरं सांगायचं तर आई दिसत नव्हती. मला दोन ओळी दिसत होत्या. जुळवून ठेवलेले ते खिळे, आणि त्यात नाव बसवायला मोकळी सोडलेली जागा.

आईने रस्त्यात पाऊल टाकलं. तिच्या हातात पिस्ता रंगाचा डबा होता. झाकण नव्हतं. डब्यात ब्रश उभा होता, दांडा वर. ती डबा जरासा तिरका धरून, हलकेच हेलकावे देत चालली होती, जसं काठोकाठ भरलेलं भांडं नेताना माणूस चालतो तशी.

पहिली गाडी थांबली. अगदी लांब थांबली. दुसरीने काच वर केली. एका स्कूटरवाल्याने पांढरी पॅंट घातली होती. तो तर उतरून स्कूटर मागे ढकलू लागला. पलीकडच्या बाजूच्या दोन गाड्या रस्त्याच्या कडेला इतक्या सरकल्या की आईला हवं असतं तर तिने तिथे खाट टाकून झोप काढली असती. आई मधोमध पोचली. त्याच जागी. तिथे ती क्षणभर थांबली, डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि त्या नुसत्या हालचालीनेच बस मागे सरकली.

मग ती पलीकडे गेली.

मावशी फाटकापर्यंत खाली उतरली होती, गुडघा धरून. “किती उशीर!” ती म्हणाली. “चहा निवला माझा.”

“मग नवा कर,” आई म्हणाली. “आणि काठी तुझ्याकडेच होती.”

डब्यात रंग नव्हताच. तो आम्ही रविवारीच संपवला होता. डब्यात आईचं विणकाम होतं, चष्मा होता आणि मावशीसाठी सोललेले डाळिंबाचे दाणे होते, नीट कागदात बांधलेले. तिला मी विचारलं, हे सुचलं कसं? ती म्हणाली, “फळीला भितात ते कशाला, हे मी चार दिवस गॅलरीत बसून बघत होते. तू पट्टे आखत बसलास.”

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो. मुख्य उपसंपादकांना सगळं सांगितलं.

“मृत?”

“नाही.”

“जखमी?”

“नाही.”

“मग बातमी कुठे आहे?” ते म्हणाले.

पण संध्याकाळी पान लावताना शेवटच्या कॉलमच्या तळाशी जागा उरली. त्या दिवशी शहरात अपघातच झाला नव्हता. जुळवून ठेवलेले खिळे तसेच पडून होते. मुख्य उपसंपादकांनी जागेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. “तुझ्या आईला टाक तिथे,” ते म्हणाले. मी दोन ओळी लिहिल्या: ‘काल दुपारी चार वाजता एका वृद्धेने रस्ता ओलांडला. ती सुखरूप पोचली.’ इतक्या वर्षांत मी लिहिलेली ही सगळ्यात चांगली बातमी. आईने ती वाचली आणि ‘वृद्धा’ शब्दावरून माझ्याशी आठवडाभर बोलली नाही.

पुढे कित्येक वर्षं तो डबा रोज चारला रस्ता ओलांडत राहिला. कॉलनीतल्या बाकीच्यांनीही आपापले डबे काढले. सर निळा डबा घेऊन जात. विमावाल्यांनी तर ब्रशही ठेवला नाही, नुसत्या रिकाम्या डब्यावर ते पलीकडे पोचत, आणि पोचल्यावर सांगत, धोका आहे यात.

आता तिथे खरे पट्टे आहेत. पांढरे, रुंद, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ते कशामुळे आले हे मला माहीत आहे. त्या अपघाताच्या दोन ओळीही मीच लिहिल्या होत्या. आमच्या कॉलनीचं कुणी नव्हतं, दोन फाटकं पलीकडचे गृहस्थ होते. ते रिकाम्या हाताने निघाले होते. साहेबांच्या भिंतीवर टाचणी लागली आणि महिन्याभरात पट्टे आले. मागोमाग सिग्नल आला.

आई आता नाही. ती गेली ती अंथरुणातच, भांडणाचा निकाल न लावता. साहेब, सर, विमावाले, आमचा पेपर, यांतलं आता काहीच उरलेलं नाही. पुढच्या खोलीचा पिस्ता रंग आहे; त्यावर दुसरा द्यायचं बायकोच्या मनात नाही आणि आता माझ्याही नाही. मावशी मात्र आहे. बहिणीनंतर इकडे यायचं तिने ठरवलं. रोज चारला मी तिला आणायला जातो. गुडघा दुखतो म्हणून ती एका हाताने माझा दंड धरते आणि दुसऱ्या हातात आईचा डबा. त्यात काही नसतं. फक्त ब्रश उभा असतो, दांडा वर.

परवा सिग्नलला उभे होतो. वाहनं थांबली, समोरच्या खांबावर हिरवा माणूस लागला, चालायला लागला. मी म्हणालो, “चल मावशी, आपला दिवा लागला. आता डबा कशाला?”

तिने मान वर करून त्या हिरव्या माणसाकडे बराच वेळ बघितलं. दिवा संपत आला तरी बघत होती. मग डबा जरा तिरका धरला आणि रस्त्यात पाऊल टाकता टाकता मला म्हणाली,

“त्याचे हात रिकामे आहेत रे.”